राजीनामा सर्वांत शेवटी: नोकरी सोडून सोलापुरात पहिली कादंबरी लिहायची असेल तर

पुण्यात हिंजवडी किंवा खराडीला नोकरी, महिन्यातून एकदा हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूर, आणि लॅपटॉपच्या कुठल्याशा फोल्डरात 'कादंबरी नवी फायनल 2' नावाची नऊ पानांची फाइल. हा लेख अशा माणसासाठी आहे. नोकरी सोडावी की नाही, हे मी सांगणार नाही. पुष्कळांनी सोडू नये असंच माझं मत आहे, आणि त्याची कारणं पुढे ओघाने येतील. पण सोडायचीच असेल तर कामांना एक क्रम आहे. बहुतेक जण तो उलटा लावतात: आधी राजीनामा, मग पैशाचा विचार, आणि कादंबरी सगळ्यांत शेवटी.

पहिली पायरी: नोकरीत असतानाच तीस हजार शब्द

छापील मराठी पुस्तकाच्या एका पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. म्हणजे साठ हजार शब्दांची कादंबरी दोनशे ते दोनशे चाळीस पानांची होते. पहिल्या पुस्तकाला एवढा आकार पुरेसा आहे. पाचशे पानांची महाकादंबरी मनात असेल तर ती तिसऱ्या पुस्तकासाठी ठेवा. नवख्या लेखकाचं जाडजूड बाड हातात घेतानाच प्रकाशकाचा निम्मा उत्साह जातो.

आता परीक्षा. ऑफिसला जाण्याआधी रोज 250 शब्द, आठवड्यातले पाच दिवस. आठवड्याला 1250 होतात, चोवीस आठवड्यांत 30,000. सहा महिन्यांत निम्मी कादंबरी उभी राहिली, तर उरलेली पूर्ण करायला मोकळा वेळ मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. नाही राहिली, तर 'वेळच मिळत नाही' ही सबब नोकरी सोडल्यावर बदलेल, शब्दसंख्या बदलेलच असं नाही. मोकळा दिवस भयंकर लवकर संपतो, हे नोकरी करणाऱ्याला खरं वाटत नाही. म्हणून साठलेल्या रजेतले दोन-तीन आठवडे एकदम घ्या, सोलापूरला या आणि कुठेही न फिरता फक्त लिहून बघा. दहाव्या दिवशी काय वाटतं ते महत्त्वाचं. पहिल्या दोन दिवसांचा उत्साह हिशेबात धरू नका.

हे लेखन कंपनीच्या लॅपटॉपवर करायचं नाही, कंपनीच्या मेलवरून स्वतःला पाठवायचं नाही. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यानुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जाते. तुमची कादंबरी त्यात येत नाही. पण ती कंपनीच्या यंत्रावर पडलेली असेल तर उगाच वादाला तोंड फुटतं. नेमणुकीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल आणि गोपनीयतेबद्दल काय लिहिलंय तेही आताच वाचून घ्या. सही करताना कोणीच वाचलेलं नसतं.

दुसरी पायरी: पैसा

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण कादंबऱ्या बहुधा इथेच मरतात.

आधी कादंबरीतून काय मिळतं ते बघा. समजा पुस्तकाची किंमत 350 रुपये आणि मानधन दहा टक्के ठरलं. एका प्रतीमागे 35 रुपये. पाचशे प्रती विकल्या गेल्या तर 17,500 रुपये. हजार प्रतींची आवृत्ती ही जुनी रीत; आता त्याहून लहान आवृत्त्याही निघतात आणि त्या संपायला वर्षं लागू शकतात. मानधनाचा हिशेब बहुधा वर्षातून एकदा होतो. पुण्यातल्या एका महिन्याच्या भाड्याइतकी ही रक्कम आहे, आणि तीन वर्षांच्या कामानंतर. हे आकडे बघून हसू आलं तर चांगलं. रडू आलं तर नोकरीत राहून लिहा. तोही रीतसर मार्ग आहे.

आता वेळ. उरलेला पहिला खर्डा पूर्ण करायला सहा-आठ महिने, तो बाजूला ठेवायला एक-दोन, दुसऱ्या खर्ड्याला पाच-सहा. मग प्रकाशकाच्या उत्तराची वाट, आणि होकार आल्यावरही पुस्तक हातात यायला आणखी वर्षभर. यातला पूर्णवेळ बसून करण्याचा भाग वर्ष-सव्वा वर्षाचा. म्हणून मी चोवीस महिन्यांचा घरखर्च बाजूला काढायला सांगतो. सोलापुरात घरचं घर असेल आणि महिन्याला 35,000 रुपयांत भागत असेल, तर 8 लाख 40 हजार. आजारपण, लग्नकार्य, गाडीची दुरुस्ती यांसाठी वेगळे दोन लाख. गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर तो या हिशेबात धरून परत बघा. पुष्कळदा तिथेच उत्तर मिळतं.

हा आकडा खरा आहे का, तेही नोकरीत असतानाच तपासा. पगार जमा झाला की 35,000 ठेवून बाकीचे त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकायचे. चार महिने जमलं तर आकडा खरा.

कंपनीकडून काय येणं आहे, ते हाताने मांडून बघा. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते: महिना 26 दिवसांचा धरून दर वर्षामागे 15 दिवसांचं वेतन. हिशेबातलं वेतन 40,000 आणि नोकरी आठ वर्षं असेल तर सुमारे 1 लाख 84 हजार. साडेचार वर्षांवर असाल तर सहा महिने थांबा. ते सहा महिने पहिल्या पायरीला वापरता येतील. पीएफ राजीनाम्याबरोबर घाईघाईने काढू नका. पाच वर्षांच्या आतल्या नोकरीचा पीएफ काढला तर त्यावर कर लागतो. खात्यात ठेवला तर व्याज चालू राहतं, मात्र नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं. पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत दहा वर्षं भरली असतील तर पुढे पेन्शनचा हक्क राहतो. त्यासाठी स्कीम सर्टिफिकेट मागून घ्या. यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाला, आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे ना, वारसाचं नाव भरलंय ना, हे सगळं एचआर अजून तुमचे फोन उचलतंय तोवर करायचं.

आणि आरोग्यविमा. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो, आणि त्यात आई-वडील असतील तर त्यांचंही छत्र जातं. वैयक्तिक पॉलिसी राजीनाम्याच्या किमान दोन-तीन महिने आधी घ्या. नव्या पॉलिसीत अपघात सोडून बाकी आजारांना सुरुवातीचे तीस दिवस संरक्षण नसतं, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का आणि आधीचा काळ धरला जातो का, हे विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढाच हलका दिलासा. वडिलांना साखर आणि बीपी असेल तर ही एक गोष्ट झाल्याशिवाय राजीनाम्याचा मेल लिहायलाही घेऊ नका.

तिसरी पायरी: घरी सांगणं

सोलापूरच्या घरात 'मला लेखक व्हायचंय' हे वाक्य कुणी ऐकून घेत नाही. तारखा ऐकून घेतात. 'अण्णा, अमुक महिन्यात नोकरी सोडतोय. दोन वर्षांचा खर्च या खात्यात आहे, हे पासबुक. तुमचा विमा झालाय, हे कार्ड. दोन वर्षांनी कादंबरी छापून आलेली असो वा नसो, मी परत कामाला लागणार.' एवढं सांगितलं की अण्णा गप्प बसतात. पटलं म्हणून नव्हे, पण भांडायला जागा उरत नाही म्हणून. नवरा किंवा बायको कमावती असेल तर बोलणं आणखी सविस्तर व्हायला हवं: घरी बसलेला माणूस म्हणजे गॅसवाला, शाळेची बस, पाहुणे आणि बँकेची कामं, हे आपोआप ठरून जातं. सकाळचे चार तास कुणाचे, हे आधी बोला.

नातेवाइकांची तयारी वेगळी. लग्नात, बारशात, सात रस्ता चौकात, जिथे भेटतील तिथे विचारणार: 'मग, सध्या काय करायलास?' 'कादंबरी लिहितोय' म्हटलं की दुसरा प्रश्न येतो: 'ते झालं बे, पण काम काय?' उत्तर एकच ठेवा आणि तेच तेच द्या. कथानक सांगत बसू नका. कथानक चहावर सांगून झालं की ते लिहायची खुमखुमी निघून जाते, आणि ऐकणारा तरी कुठे मनापासून ऐकत असतो.

चौथी पायरी: आता राजीनामा

नोटीस पिरियड साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो. तो पूर्ण करा. भांडून, तोडून बाहेर पडण्यात मजा असते, पण दोन वर्षांनी परत अर्ज करायचाय हे लक्षात ठेवा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं प्रमाणपत्र, फॉर्म 16, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळ्यांच्या प्रती स्वतःच्या मेलवर. त्याआधी एकदा एचआरला बिनपगारी दीर्घ रजेबद्दल विचारून बघा. काही कंपन्यांत ती सोय असते आणि कोणी विचारतच नाही. कारण विचारलं तर 'वैयक्तिक' म्हणा. एक्झिट इंटरव्ह्यूत व्यवस्थेबद्दलचं सगळं ओकून टाकायचा मोह होतो. तो मजकूर कादंबरीसाठी ठेवा.

पाचवी पायरी: जागा आणि वेळ

लिहायला पुण्यातच राहिलं पाहिजे का? प्रकाशक तिथे, समारंभ तिथे, ओळखी तिथे. हे खरं आहे, पण पहिल्या खर्ड्याला यातलं काहीही लागत नाही. त्र्यं. वि. सरदेशमुखांनी सोलापुरात राहूनच लिहिलं आणि 2003 साली कादंबरीसाठीच त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सोलापूर तुम्हाला भाडं वाचवून देतं, प्रवासाचे रोजचे दोन-तीन तास परत देतं. तेवढं बस्स.

त्याबदल्यात हे शहर ऊन देतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की दुपारी बारा ते पाच डोक्यात काही शिजत नाही, एवढंच. उन्हाळ्यात पहाटे पाच ते नऊ लिहा आणि नंतर जमलं तर टिपणं काढा. पाणी रोज येत नाही. पाण्याच्या दिवशी टाक्या, पिंप, बादल्या भरणं हा घराचा सार्वजनिक कार्यक्रम असतो आणि 'तू घरीच आहेस ना' हे वाक्य त्या दिवशी ठरलेलं. तो दिवस लेखनाच्या वेळापत्रकातून आधीच वजा करा, म्हणजे चिडचिड वाचते. जयंत्या आणि मिरवणुकांचं कॅलेंडरही जवळ ठेवा. डॉल्बीच्या भिंतीसमोर संवाद सुचत नाहीत. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस तर सोडूनच द्या. नंदीध्वज बघा, गड्ड्यावर म्हणजे यात्रेच्या जत्रेत फिरा, वही खिशात असू द्या.

घरात खोली नसेल तर वाचनालय. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था गावात असताना कॅफेत दोनशे रुपयांची कॉफी घेऊन बसायचं काही कारण नाही. स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकाही चालतील. आजूबाजूला वीस पोरं मान खाली घालून बसलेली असली की आपणही फोन काढत नाही.

सहावी पायरी: लिहायचं कशावर

कॉर्पोरेट सोडून आलेला माणूस बहुधा दोन टोकांपैकी एक पकडतो. एक तर आजोबांच्या गावाकडची, विहीर आणि वाड्याची कादंबरी, जे जग त्याने सुट्टीत पाहिलेलं असतं. नाहीतर नोकरीवर सूड उगवणारी, ज्यात मॅनेजर राक्षस आणि नायक फार संवेदनशील. दोन्हींत अडचण एकच. लेखकाला माहीत असलेलं कामाचं जग पानावर येतच नाही. मराठी कादंबरीत शेती आहे, गिरणी आहे, शाळामास्तर आहेत. अप्रेझलच्या आदल्या रात्रीची झोप, प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसवलेल्या माणसाचं कँटीनमधलं वागणं, रात्रपाळीच्या कॅबमध्ये जुळणारी आणि पत्ता बदलला की संपणारी मैत्री, हे त्या मानाने फार थोडं. दहा वर्षं तुम्ही यात काढली आहेत. हा माल फुकट घालवू नका.

मारुती चितमपल्ली सोलापूरचे. वनखात्यातल्या नोकरीने त्यांना जे जंगल दाखवलं, तेच त्यांच्या लेखनाचं जग झालं. 2006 साली सोलापुरातच भरलेल्या 79व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जंगल आणि आयटी पार्क यांत फरक आहे, कबूल. पण नोंदी ठेवायची सवय कुठेही लागते. कोण कसं बोलतं, कोणत्या शब्दाला कोण दचकतं, नोकरी गेल्याची बातमी कोणत्या सुरात दिली जाते, हे नोटीसच्या नव्वद दिवसांत रोज एक पान लिहून ठेवा. नावं, ग्राहक कंपन्या आणि गोपनीय माहिती मात्र त्यात नको. पात्र करताना तीन माणसं मिसळा. एखादा जुना सहकारी स्वतःला ओळखून वकिलाकडे गेला तर 'काल्पनिक' ही टीप फार कामाला येत नाही.

सोलापूरवर लिहायचं असेल तर ते चादर, शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या पुढे गेलं पाहिजे. पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात तेलुगू बोलणारी घरं आहेत. विड्या वळणाऱ्या बायका आहेत, ज्यांच्या मजुरीवर मुलं इंजिनिअर झाली आणि पुण्याला गेली. कदाचित तुम्ही त्यांतलेच असाल. मग तुमच्याइतकी ही कथा कुणाला माहीत असणार? बंद पडलेल्या गिरण्यांच्या चाळी आहेत. मे 1930 मध्ये इंग्रजांनी याच गावात मार्शल लॉ लावला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी दिली. मागे जायचं असेल तर 1884 चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर वाचनालयात बसून चाळा. बाजारभाव, पेठा, दुष्काळ, सगळं त्यात सापडतं. फक्त एक धोका आहे. संशोधन हे न लिहिण्याचं सर्वांत सन्माननीय निमित्त आहे. महिनाभर वाचा, मग प्रसंग लिहा, अडलं तर परत वाचा.

बोलीबद्दल थोडं. सोलापूरच्या एकाच चौकात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते, आणि माणूस समोरचा बघून भाषा बदलतो. हे बदलणं पकडता आलं तर पात्राची जात, पेठ, वय, सगळं न सांगता कळतं. 'बे' मित्राला लागतो, वडिलांना लागत नाही; कुणाला लागतो आणि कुणाला नाही, यात नाती दिसतात. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवायचे, की सगळंच बोलीत, हे पहिल्या तीन प्रकरणांत ठरवा आणि मग बदलू नका. परभाषकाचं मराठी विनोदासाठी वाकडं लिहू नका. तो विनोद जुना झालाय, आणि या गावात तर तो निम्म्या शेजाऱ्यांवर आहे.

सातवी पायरी: पहिला खर्डा

पूर्णवेळ बसल्यावर रोजचं माप 500 शब्द. जास्त झाले तर चांगलं, पण दुसऱ्या दिवशी माफी नाही. आदल्या दिवशीचं शेवटचं पान फक्त वाचायचं, दुरुस्त करायचं नाही. पहिलं प्रकरण घोटत बसणं हा नवख्यांचा आवडता छंद आहे. ते प्रकरण शेवटी बहुधा कापूनच टाकावं लागतं, कारण कादंबरी कशाबद्दल आहे हे लेखकाला मधे कुठेतरी कळतं.

ऑफिसच्या सवयींपैकी काही ठेवा. प्रकरणांची एक्सेल शीट करा: कोणतं प्रकरण, कोणत्या महिन्यात घडतं, कोण कोण आहे, कुणाला काय माहीत आहे. पात्रांची वयं आणि सालं यात चुकत नाहीत. फाइलला रोजची तारीख द्या, एक प्रत ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हवर. ऑफिसच्या भाषेचं मात्र काहीही ठेवू नका. दहा वर्षं मेल लिहून मराठीसुद्धा 'याबाबत निर्णय घेण्यात आला' अशी होऊन बसते. कुणी घेतला? कुठे उभा राहून? तोंडात काय होतं? प्रेझेंटेशनची सवय आणखी वाईट: प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी त्याचं तात्पर्य लिहिलं जातं. अशी शेवटची ओळ दिसेल तिथे खोडा. प्रसंगाचं बहुधा काही बिघडत नाही.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला पंधरा दिवस जातात आणि पुढे हात भराभर चालतात. रोमनमधून मराठी उमटवणारे कळफलकही चालतात, फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासा. बोलून टाइप करणं संवादांसाठी बरं, निवेदनासाठी नाही. त्यात भाषणबाजी शिरते. काही मुद्रणालयं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मांडणी करतात आणि रूपांतरात जोडाक्षरं, रफार, अवतरणचिन्हं बिघडतात. म्हणून मांडणी झाल्यावरचं प्रूफ शब्दन् शब्द स्वतः वाचायचं, त्याला पर्याय नाही.

खर्डा पूर्ण झाला की सहा आठवडे बंद. या काळात एखादी कथा किंवा कादंबरीतलं स्वतंत्र उभं राहणारं प्रकरण दिवाळी अंकांना पाठवा. 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने सुरू केलेली ही परंपरा नव्या लेखकाला अजूनही सगळ्यांत सोपा दरवाजा आहे. दिवाळी जवळ आल्यावर पाठवून उपयोग नाही. मे ते जुलै हा त्याचा काळ.

आठवी पायरी: वाचक आणि दुसरा खर्डा

बायको, आई आणि जिवलग मित्र हे वाचक धरू नका. ते तुमच्याबद्दल मत देतात. तीन माणसं शोधा: एक भरपूर मराठी वाचणारं, एक तुमच्या कामाच्या क्षेत्रातलं, आणि एक ज्याला कादंबऱ्यांचा कंटाळा आहे. तिघांना एवढंच विचारा की कुठे वाचन सोडून उठावंसं वाटलं. दोघांनी एकच जागा दाखवली तर ती जागा खराब आहे, तुमचं स्पष्टीकरण कितीही चांगलं असलं तरी. असे वाचक महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या शाखांच्या कार्यक्रमांत, वाचनालयात, कॉलेजच्या मराठी विभागात भेटतात. आधी चार वेळा नुसतं ऐकायला जा, पाचव्या वेळी बाड काढा.

दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा लहान व्हायला हवा. पंधरा टक्के तरी.

नववी पायरी: प्रकाशक आणि करार

प्रकाशकाची पुस्तकं वाचल्याशिवाय त्याला हस्तलिखित पाठवू नका. वाचनालयातल्या गेल्या पाच वर्षांतल्या नव्या कादंबऱ्या काढा, तुमच्या जातकुळीच्या कुणी छापल्या ते मागच्या पानावर बघा, पाच नावं लिहा. एक पानाचा सारांश शेवटासकट, पहिली तीन प्रकरणं, चार ओळींचा परिचय. परिचयात पदनाम आणि टीम किती मोठी होती हे लिहू नका. तीन महिन्यांनी एक नम्र स्मरणपत्र. नकार आला तर पुढचं नाव.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. जाहिरात निघाली की वेळेत हस्तलिखित पाठवा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग असतो. वय पस्तिशीच्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही आहे. पुरस्कारांवर घरखर्चाचा हिशेब मात्र लावू नका.

लेखकाने पैसे घालून छापणं मराठीत सर्रास चालतं. त्यात लाज नाही, पण व्यवहार स्पष्ट असावा. 'अमुक प्रती तुम्ही विकत घ्या' म्हणजे तुम्हीच खर्च करताय. तसं असेल तर किती प्रती छापल्या, कुठे ठेवल्या, विक्रीतला तुमचा वाटा किती, हे लेखी घ्या. सगळं स्वतः करायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, फुकट मिळतो. त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका.

करार छापील आला तरी वाचा. मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं की थांबा. छापील पुस्तकाचे हक्क द्या. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपटाचे प्रत्येकी वेगळे बोला. आवृत्तीच्या प्रती, मानधनाचा टक्का छापील किमतीवर की मिळालेल्या रकमेवर, हिशेबाची तारीख, लेखकाच्या मोफत प्रती, आवृत्ती संपून पुन्हा छापली नाही तर हक्क कधी परत, हे सगळं असावं. दहा वर्षं व्हेंडरचे करार तपासलेल्या माणसाने स्वतःच्या पुस्तकाच्या वेळी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणणं मला तरी अजब वाटतं. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. लिहिल्यापासून हक्क तुमचाच, हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षं.

दहावी पायरी: पुस्तक आल्यावर

हुतात्मा स्मृतिमंदिरात मोठा प्रकाशन समारंभ करायची हौस असेल तर करा, पण हार, नारळ आणि पाच वक्त्यांत दोन तास जातात आणि लोक पुस्तक न घेता नाश्ता करून निघतात. त्यापेक्षा वीस माणसांची बैठक घ्या, एक प्रकरण वाचा, पुस्तक सवलतीत टेबलावर ठेवा.

खरी विक्री वाचनालयांत आहे. राज्यात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. शासनमान्य वाचनालयांना अनुदान मिळतं, आणि त्यातून ती पुस्तकं घेतात. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी पुस्तक पाठवलंय का, हे प्रकाशकाला विचारा. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला इथल्या वाचनालयांत स्वतः जा.

मानधन मिळालं की ते विवरणपत्रात दाखवा. जुन्या करपद्धतीत लेखकांना साहित्यकृतीच्या मानधनावर तीन लाखांपर्यंत वजावट आहे, नव्या पद्धतीत नाही. आणि वाचनालयांच्या फेरीला निघताना पिशवीत पुस्तकांबरोबर प्रकाशकाचं बिलबुकही ठेवा. ग्रंथपालाला पुस्तक आवडलं तरी बिलाशिवाय त्याला ते घेता येत नाही.